अजिनाथ सरपंच होईस्तोवर

७ डिसेंबर, बुधवार

साखर १८४.

जामखेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी बोट टोचून साखर किती येते ते वहीत लिहायचं. आमचा रविराज सुप्याला कंपनीत आहे. त्याने मशीनही पाठवलं आणि ही दोनशे पानी वहीही. दिवसाला एकच आकडा लिहिला तर वही माझ्या मागेही उरेल, म्हणून बाकीचंही थोडं लिहीन म्हणतो. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण ग्रामपंचायतीत सव्वीस वर्षं शिपाई होतो, कोणत्या वाडीला किती वाजता पाणी सोडलं ते रोज लिहायचो. हात बसलेला आहे.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. साखरेने पायाची जाणीव गेली आहे, काटा मोडला तरी मला कळणार नाही. म्हणून अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. हे आमच्या बनुबाईने माझ्यापेक्षा नीट ऐकलं. रोज सकाळी ती माझे पाय धुते, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करते, तळवे उलटून बघते. मला लाज वाटते. अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला, पण बायकोने पाय धरायचे म्हणजे कसंतरीच होतं.

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस होता. सरपंचपदाला आता दोघंच राहिले. आपला अजिनाथ आणि खालच्या आळीतली राजनंदिनी. अजिनाथचे वडील आप्पा सरपंच होते तेव्हा त्यांनी मला नोकरीला लावलं. अजिनाथला मी खांद्यावर बसवून यात्रा दाखवली आहे. परवा दवाखान्यात त्याच्याच गाडीतून गेलो, डॉक्टरांपुढे तो माझ्या शेजारी बसला होता. राजनंदिनी सत्तावीस वर्षांची पोर. शेतीच्या कॉलेजात शिकली आहे, बायकांचा बचत गट चालवते. असेल हुशार. पण गाव चालवणं म्हणजे बचत गटाची बैठक नव्हे. हे मी बनुबाईला म्हणालो तर ती म्हणाली, बैठकीत काय वाईट असतं. ती दर महिन्याला जाते तिकडे.

अजिनाथ पडला तर काय, असं सारखं मनात येतं. पडणार नाही. पण येतं.

१० डिसेंबर, शनिवार

साखर १९७.

मारुतीपुढे प्रचाराचा नारळ फुटला. दोनशे माणूस असेल. सगळे बोलून झाल्यावर अजिनाथने माईक माझ्या हातात दिला, म्हणाला, तात्या, दोन शब्द. सव्वीस वर्षांत त्या माईकवर मी ‘हॅलो, हॅलो’ याशिवाय काही बोललो नव्हतो. काय बोलावं सुचेना आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मग तोंडातून निघून गेलं, की अजिनाथ सरपंच होईस्तोवर मी पायात वहाण घालणार नाही, मारुतीची शपथ. आणि चपला काढून पायरीवर ठेवल्या.

केवढ्या टाळ्या पडल्या. अजिनाथने मिठी मारली, पोरांनी फोटो काढले. अजिनाथने स्वतः खाली वाकून माझ्या अनवाणी पायांचा वेगळा एक काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर प्रत्येकाच्या मोबाईलवर होता.

दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मतदान अठराला, मोजणी वीसला. बघून बघून चालायचं.

घरी आलो तर बनुबाईला कुणीतरी सगळे फोटो आधीच दाखवले होते. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. भाकरी वाढली आणि देवळाकडे गेली. परत आली तेव्हा चपला पदराखाली होत्या.

१४ डिसेंबर, बुधवार

साखर २०३. बनुबाई चार दिवस कामापुरतं बोलते. तिला प्रचाराच्या भोंग्याचा त्रास होत असणार, पहिल्यापासून तिचं डोकं दुखतं. मी आमच्या वॉर्डाची यादी केली. घर न् घर मला माहीत आहे, कोणाचा नळ कुठे आहे तेही. आपली मतं २१४ होतात. ही यादी मी अजिनाथला नेऊन दिली. त्याने बघितली आणि खिशात ठेवली.

१८ डिसेंबर, रविवार

बनुबाईला घेऊन शाळेत मतदानाला गेलो. वाटेत तिला दोनदा सांगितलं, अजिनाथचं चिन्ह छत्री, वरून दुसरं बटण. ती म्हणाली, मला छत्री ओळखू येते. आत तिला बराच वेळ लागला. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ घरी निघाली. गर्दीत तिला गुदमरतं.

शेजारची साळूबाई आणि तिची सून उशिरा आल्या, दोघी हसत होत्या. मतदानाला हसायचं काय कारण?

२० डिसेंबर, मंगळवार

सतरा मतांनी.

तहसीलबाहेर सकाळपासून उभा होतो. आधी आपण पुढे होतो. शेवटचा वॉर्ड खालच्या आळीचा निघाला आणि गेलं. त्यांच्या लोकांनी गुलाल उधळला, तो माझ्याही टोपीवर पडला. खालच्या आळीतला भागवत गर्दीतून ओरडला, ‘तात्या, आता पाच वर्सं जपून चाला.’ सगळे हसले. आमच्यातलेही दोघं हसले.

साखर तपासली नाही आज.

२२ डिसेंबर, गुरुवार

साखर २३१.

वॉर्डाचे आकडे मिळाले. आमच्या वॉर्डात अजिनाथला २१२ मतं. माझी यादी २१४ ची. म्हणजे दोघांनी फसवलं. रविराजला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘आवो आबा, सतरानं पडला त्यो. दोन मतांनी काय हुनार हुतं?’ त्याला समजत नाही. प्रश्न दोन मतांचा नाही, आपल्यातल्या दोघांचा आहे.

दिवसभर यादी घेऊन बसलो. सगळी घरं पक्की आहेत. फक्त साळूबाई आणि तिची सून. बरोबर दोन होतात. आणि हसत होत्या.

साळूबाईने सकाळी नेहमीसारखी हाक मारली. मी ओ दिली नाही.

२४ डिसेंबर, शनिवार

अजिनाथ म्हणतो कोर्टात जायचं, मोजणीत गडबड आहे. मला बरं वाटलं. म्हणजे अजून निकाल लागला असं नाही. कोर्टाचं होईपर्यंत चप्पल घालायचा प्रश्नच नाही, आणि राजनंदिनीला सरपंच म्हणायचाही नाही.

३० डिसेंबर, शुक्रवार

पाय धुताना बनुबाईचा हात थांबला. उजव्या अंगठ्याखाली सराटा रुतला होता, काटे पार आत. कधी रुतला, मला पत्ता नाही. भोवती मऊ आणि पांढरं झालं होतं. तिने सुईने काढला. काढताना तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती कळलं नाही. देवाचं नाव घेत असेल.

५ जानेवारी, गुरुवार

साखर २४४.

आज उपसरपंचाची निवड झाली. वाल्मिक सांगत आला. वाल्मिक म्हणजे माझ्या जागेवर आलेला शिपाई. उपसरपंच अजिनाथचा चुलतभाऊ झाला, बिनविरोध. राजनंदिनीच्या लोकांनीच त्याला पाठिंबा दिला. पेढे वाटले, अजिनाथनेही खाल्ला.

मी विचारलं, कोर्टाचं काय. वाल्मिक म्हणाला, कुठलं कोर्ट.

७ जानेवारी, शनिवार

अजिनाथकडे गेलो. पाय फडक्यात बांधला होता. तो फोनवर होता, मी ओट्यावर बसलो. फोन संपल्यावर म्हणालो, शपथेचं काय करायचं. आधी त्याच्या लक्षातच येईना. मग म्हणाला, ‘तात्या, त्या टायमाला बोलायच्या गोष्टी असत्यात त्या. घाला की चपला. कोन इचारतंय.’

मी म्हणालो, तुझ्यासाठी घेतली, तर तूच ये आणि तुझ्या हाताने माझ्या पायात घाल, म्हणजे मारुतीपुढे मला तोंड राहील. मोठ्या पुढाऱ्यांचं तसंच करतात, मी टीव्हीवर बघितलंय. म्हणाला, येतो, उद्या सकाळी येतो.

८ जानेवारी, रविवार

पाय धुऊन अंगणात बसलो होतो. बनुबाईने चपला पुसून ठेवल्या होत्या. दुपारी ऊन पायावर आलं तेव्हा आत गेलो. त्याला काम निघालं असेल.

९ जानेवारी, सोमवार

जामखेडला गेलो, एस.टी.ने. डॉक्टरांनी जखम बघितली आणि माझ्याशी न बोलता बनुबाईशी बोलले. पंधरा दिवसांत आवरली नाही तर अंगठा काढावा लागेल आणि ते अंगठ्यावरच थांबेल असं नाही. मऊ तळाची चप्पल लिहून दिली. बनुबाईने तिथेच दुकानातून घेतली.

घरी आल्यावर तिने ती पुढ्यात ठेवली. मी घातली नाही. काय लिहावं? मला अंगठा नको झालाय असं नाही. पण ज्या दिवशी चप्पल घालीन त्या दिवशी अजिनाथ पडला हे मी माझ्या पायाने कबूल केलं. दोनशे माणसांनी ऐकलंय. भागवत तर टपून बसलाय. आणि मारुतीला काय सांगू, की चुकून बोललो?

१२ जानेवारी, गुरुवार

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

काल साळूबाईने वाटीत हळद आणि तूप कालवून सुनेच्या हाती पाठवलं, पायाला लावायला. मी वाटी परत पाठवली. म्हणालो, आधी घात करायचा आणि मग हळद पाठवायची. मोठ्याने म्हणालो, भिंतीपलीकडे जावं म्हणूनच. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

बनुबाई चुलीपुढे होती. ती उठून आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

‘साळूला बोलू नका. मी दिलं न्हाई छत्रीला.’

मला वाटलं, ती साळूबाईला वाचवायला बोलते आहे.

‘तुमी दोनशे मान्सांत चपला काढल्या. त्याला ठावं हुतं. दवाखान्यात तुमच्या शेजारीच बसला हुता त्यो, डाक्टर बोलले तवा. एक शबूद म्हनला न्हाई, की तात्या, असं नगा करू. खाली वाकला तर मला फोटूत वाटलं, चप्पल उचलून द्यायला वाकलाय. तर पायाचा फोटू काढत हुता.’ मग म्हणाली, ‘मशीनपुढं लई येळ हुबी ऱ्हायले. हात छत्रीवर जाईना.’

मी उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसलो. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने माझ्या सांगण्याबाहेर मत दिलं नव्हतं. दिलं नव्हतं असं मी समजत होतो. आता तेही सांगता येत नाही.

रागावून बसलो होतो, पण दुसराच हिशेब डोक्यात आला. मी शपथ घेतली नसती तर तिचं मत अजिनाथलाच होतं. म्हणजे त्याचं एक मत मीच घालवलं. आणि फोटो गावभर गेला होता. माझ्या पायाला काय झालंय हे गावात बऱ्याच जणांना माहीत आहे. आणखी किती जणांचा हात थांबला असेल? सतरा मतं. फरक भरून काढायला नऊ माणसं इकडची तिकडे झाली तरी पुरतात. हे कोणाला विचारताही येत नाही.

जेवायला बोलवायला ती दोनदा आली. दुसऱ्यांदा गेलो.

१५ जानेवारी, रविवार

साखर २२६. संक्रांत.

तिळगूळ घेऊन साळूबाईच्या दारात गेलो. पाऊल उचलत नव्हतं आणि ते जखमेमुळे नाही. म्हणालो, माझ्या मनात तुझ्याबद्दल चुकीचं आलं होतं, तू आपल्यालाच मत दिलं हे मला आता माहीत आहे.

साळूबाई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

‘तुमाला काय म्हाईत?’

म्हणालो, माहीत आहे, तूच छत्रीला दिलंस.

‘आन दिलं नसतं, तर?’

तिने आता मान वर केली. ती म्हणाली, ‘माझा मालक गेला तवा सरन तुमी रचलं. तुमची बनुबाई आजारी हुती तवा मी म्हैनाभर भाकरी केल्या. तवा कुनाच्या यादीत हुते मी? सांगा की तात्या. दिलं नसतं, तर बोलनार नव्हता मरेस्तोवर?’

तिळगूळ उंबऱ्यावर ठेवला आणि आलो. बोललो नसतो, हे खरं होतं. पण ते तिळगुळाबरोबर सांगायचं कसं?

दुसरं मत कोणाचं होतं ते मला आता कळणार नाही. यादी चुलीत घातली.

२० जानेवारी, शुक्रवार

राजनंदिनी घरी आली. एकटीच, पायी. मला वाटलं बनुबाईकडे आली असेल, तर माझ्याकडेच काम होतं. सव्वीस जानेवारीला झेंडा बांधून द्यायचा. सव्वीस वर्षं मीच बांधला. घडी घालून आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि दोरीला असा फास द्यायचा की एका ओढीत सुटला पाहिजे. पंधरा ऑगस्टला वाल्मिकने बांधला तो सुटलाच नव्हता, पोराला खांबावर चढवावं लागलं.

मी म्हणालो, मी तुमच्या बाजूचा नाही, माहीत आहे ना. ती म्हणाली, माहीत आहे. मग थोडं थांबून म्हणाली, ‘तात्या, मी पयल्यांदा दोरी वढनार हाय. न्हाई सुटला तर समदे म्हनतील, बाईच्या हाताला लागला म्हनून अडकला. मला चार दिवस झोप न्हाई.’

मला वाटायचं, झोप फक्त हरलेल्यांची जाते.

बोलताना ती मधूनच माझ्या पायाकडे बघत होती आणि लगेच नजर काढून घेत होती. जाताना तिने बाहेरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली. मी बघतो म्हणालो. हो म्हणालो नाही.

२१ जानेवारी, शनिवार

साखर १९८.

मारुतीला गेलो. गुरवाला सगळं सांगितलं, शपथ मोडायची तर काय विधी. त्याला शनिवारच्या गर्दीत वेळ नव्हता. म्हणाला, नारळ आणलाय ना, फोडा की. मी फोडला. मनात म्हणालो, देवा, माझा माणूस पडला. मी त्याला निवडून आणू शकलो नाही. उलट थोडा पाडला, असंही वाटतं. आता पाय वाचव.

त्या पायरीवरच बसून बनुबाईने चप्पल घातली मला. मी आजूबाजूला बघत होतो, ती पट्टा बघत होती. उठल्यावर विचारलं, सैल होतेय का. म्हणालो, नाही. मग तिने डोळे पुसले. धुपाचा धूर होता गाभाऱ्यात.

२६ जानेवारी, गुरुवार

पहाटे बनुबाईने पट्टी बदलली, जखम सुकत चालली आहे म्हणाली. अंघोळ करून पंचायतीत गेलो. वाल्मिकला घडी शिकवली, चारदा करून घेतली. फास मात्र मीच दिला. पाकळ्या राजनंदिनीने स्वतः आणल्या होत्या, झेंडूच्या, ओल्या. ओल्या चिकटतात. मी त्या परत पाठवून गुलाबाच्या सुक्या मागवल्या. ती निमूट गेली आणि घेऊन आली.

चप्पल घालून पहिल्यांदाच सगळ्या गावासमोर जायचं होतं. भागवत काय म्हणेल याची उत्तरं वाटेत ठरवत गेलो होतो, तीन ठरवली होती. भागवत आला, पायाकडे बघितलं आणि म्हणाला, ‘ही मऊ चप्पल कुठं भेटली? आईला घ्यायचीय, तिलाबी शुगर निघाली.’ मी दुकान सांगितलं. त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतलं. शपथेचं कोणालाच आठवत नव्हतं बहुतेक. दीड महिना मी ज्यांच्यापुढे अनवाणी चाललो त्यांच्यापैकी कोणाच्या लक्षात नव्हतं. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

अजिनाथ दुसऱ्या रांगेत होता, नव्या बुटात. मला बघून हात केला. मीही केला.

आठ वाजता खांबापाशी उभा राहिलो. दोरी हातात द्यायची आणि हळूच सांगायचं, हे शिपायाचं काम. सहा सरपंचांना मी ते सांगितलं आहे. राजनंदिनी पुढे आली. मी दोरी तिच्या हातात दिली आणि ठरवायच्या आतच तोंडातून गेलं, ‘वढा, सरपंच.’

सुटला. एका ओढीत.

परत येताना साळूबाई दारात भांडी घासत होती. मी थांबलो. म्हणालो, ‘साळू, दिलं नसतं तर काय न्हाई. तुझं मत तुझं.’

ती हात तसेच राखेत ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘यवढं सांगायला अकरा दिस लागले व्हय?’ मग तिने सुनेला हाक मारली, तात्यांना बसायला काहीतरी टाक म्हणाली. मी बसलो. तिने कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. चहा बिनसाखरेचा होता.